ओलं सारवण

नथ्थूने कडी काढली, पण आत जायला कोणी पुढे होईना.

काल आवडाबाईचं दहावं झालं होतं. त्यांच्या घराण्यात माणूस गेलेली खोली त्या दिवशी सारवून घेतात. जिथे जीव गेला त्या जागी परातीत ज्वारीचं पीठ पसरतात, वर टोपलं झाकतात, शेजारी दिवा ठेवतात आणि बाहेरून कडी घालतात. सकाळपर्यंत आत कोणी जायचं नाही. पिठावर पाखराचा पाय उमटला तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं, खूर उमटला तर गुराच्या. काहीच उमटलं नाही तर जीव अजून घरातच अडकून आहे, असं मानतात.

आवडाबाईच्या नवऱ्याला, शालिकरामला, त्याचंच भय होतं. तिचा जीव नातीत होता हे त्याला माहीत होतं.

नात म्हणजे अंजना. तिचे आईबाप मानमोडीच्या तापाच्या साथीत एकामागे एक गेले. पोर वाचली, पण तिच्या पायांतलं बळ त्या तापाने नेलं. तेव्हापासून आवडाबाईने तिला कडेवरून खाली ठेवलं नाही. पोर वाढली, जड झाली, तरी नाही. मोटेच्या बैलाने पाय दिल्यापासून आवडाबाईच्या उजव्या पायाला अंगठा नव्हता. तसल्या पायाने ती डोक्यावर वांग्यांची पाटी आणि कडेवर पोर घेऊन मेडशीच्या बाजाराला जायची. बाजारातल्या बाया विचारायच्या, आवडाबाई, वांगे विकून राह्यली का पोरगी? ती म्हणायची, पोरगीच घ्या, वांगे वरून फुकट. आणि पोरीला आणखी घट्ट धरायची.

रोज दिवस कलला की मळ्यातल्या पाण्याच्या पाटाशी ती अंजनाला उभी करायची. तिच्या उजव्या अंगाला उभी राहून बोट पुढे करायची आणि म्हणायची, टाक पाय. पोर मटकन बसायची. मग आवडाबाई तिला उचलून घरी यायची आणि शालिकरामला एकच सांगायची.

"ही चालली का मी सुटली."

पोर चालली नाही. आवडाबाईच गेली.

आता पोरीला उचलणार कोण, हा प्रश्न होता. शालिकराम दिवसभर मोटेवर, आणि वयाने थकलेला. धाकटा भाऊ नथ्थू आणि त्याची बायको सीताबाई यांना आपलंच आवरत नव्हतं. एक बैरागी लुळीपांगळी पोरं गाड्यात घालून गावोगाव मागत फिरायचा. नथ्थूने त्याला शब्द देऊन ठेवला होता. तो आज दुपारी येणार होता. शालिकरामने हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

शेवटी शालिकरामनेच दार लोटलं.

परात दाराशीच होती. दिवा विझला होता. टोपलं एका अंगाला कलंडलं होतं. मांजर असेल, नथ्थू म्हणाला, आणि उंबरठ्यावरूनच त्याने कंदील पुढे केला.

पिठात दोन पावलं होती. माणसाची, पण लहान. पाची बोटं उमटलेली.

सीताबाई मागे सरकली. नथ्थूने हात जोडले. वहिनी माणसाच्याच जन्माला आली, म्हणाला.

तेवढ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात कोणीतरी खोकललं.

अंजना गोधडीवर बसली होती. काल सारवताना तिचा कोपरा तेवढा सोडला होता, तिला मग उचलू म्हणून. सीताबाईला वाटलं, शालिकरामने तिला बाहेर नेलं. शालिकरामला वाटलं, सीताबाईने नेलं. त्या घरात पोरीला उचलायची सवय एकाच माणसाला होती. पोरीने हाक मारली असेल, तर तिलाच मारली असेल.

अंजनाच्या पायांचे तळवे पिठाने पांढरे झाले होते.

"परातीपर्यंत कशी आली वं तू?" शालिकरामने विचारलं.

"आजीनं बोट देलं," अंजना म्हणाली.

पोर भ्याली, काहीही बोलते, नथ्थू म्हणाला. बसल्या बसल्या सरकत आली असेल. शालिकरामने त्याच्या हातातून कंदील घेतला आणि खाली वाकून जमिनीजवळ धरला.

सारवण अजून पुरतं वाळलं नव्हतं. कोपऱ्यापासून परातीपर्यंत लहान पावलं उमटली होती. सुरुवातीची फरपटलेली, नंतरची नीट पडलेली. त्यांच्या उजव्या अंगाला, अगदी लगत, मोठी पावलं होती. मोठ्या उजव्या पावलाला अंगठा नव्हता.

शालिकराम वर न पाहता म्हणाला, "नथ्थू, त्या बैराग्याले सांग, येऊ नको म्हना."

मग त्याने कंदील दुसऱ्या बाजूला नेला. परातीपासून कोपऱ्याकडे परत गेलेली पावलं पिठाची होती, पांढरी. ती एकट्या अंजनाची होती.