बंडीच्या खिशात

ऑपरेशनला नेण्याआधी नर्सने रघूची बंडी उतरवून त्याच्या मुलाच्या, मोखाड्याला मास्तर असलेल्या उमेशच्या हातात दिली. सुई टोचलेल्या कुल्ल्यापासून पार गुडघ्यापर्यंत मांस सडलं होतं. पाय राहील की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. बापाच्या तापाला सरकारी दवाखान्याने नुसत्या गोळ्या दिल्या म्हणून उमेशच चिडला होता. "सुईशिवाय ताप उतरतो का कधी? फेक त्या गोळ्या!" म्हणत त्यानेच बापाला मोटरसायकलवर बसवून बाजारातल्या सुईवाल्या डॉक्टरकडे नेलं. सुईच्या जागी गाठ धरली तेव्हा चार दिवस तापलेल्या विटेने शेकलंही त्यानेच. बंडीच्या खिशातलं काहीतरी बोटाला टोचलं. दवाखान्यातल्या त्याच गोळ्यांचं पाकीट. एकूणएक गोळी संपलेली. "बा, या कधी खाल्ल्यास?" "सुईच्या आधीच. ताप त तवाच गेलता." स्ट्रेचरवरून रघूने त्याचा हात चाचपत धरला. "पन तू मोखाड्याच्या शाळेतून रजा टाकून आलास, पोरा. मंग नको कसा म्हनू?"