मंद आचेवरचा घेवडा

पातेल्याच्या बाहेरून फेसाचा ओघळ वाळून बसला होता. आजोबांनी तो नखाने खरवडला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या मागे कुणीतरी गॅस मोठा करतंय," ते म्हणाले.

मुलगा दारात बूट चढवत होता. त्याला टेम्पो घेऊन निघायचं होतं. "सूप आहे बाबा. गेलं असेल उतू."

"मंद आचेवर उतू जात नाही. बॉयलरवर जन्म गेला माझा. आच मला शिकवू नकोस."

सून डबा भरत होती. तिने मान वर केली नाही.

लाल घेवड्याचं, म्हणजे राजम्याचं, सूप हे या घरात आता आजोबांचं काम होतं. रात्री घेवडा भिजत घालायचा. सकाळी ते पाणी फेकून नवं घालायचं, कांदा, गाजर, लसूण टाकायचं, जड झाकण ठेवायचं आणि ज्योत वाटाण्याएवढी करून दिवसभर विसरून जायचं. दुपारी आजोबा जुन्या दोस्तांत जाऊन बसत आणि नातीला शाळेतून घेऊनच परतत. घेवडा स्वस्त, गॅस नावाला. मुलगा, सून आणि शाळकरी नात संध्याकाळी दमूनभागून यायची, तेव्हा हातात गरम वाडगा पडायचा.

आजी होती तोवर हे तिचं काम होतं. आजोबा पाळीवरून घरी येत तेव्हा पातेलं मंद आचेवर असे. ते बॉयलरवरच्या दोस्तांना सांगत, "आमची बाई काडीभर गॅसवर अख्खं घर जेवू घालते." आजी गेली. तिचे कपडे वाटून झाले, तिची खाट माळ्यावर गेली. तिचं म्हणून घरात उरलं ते हे सूप. त्यात कुणी ढवळाढवळ केलेली त्यांना खपणार नव्हती.

एका दुपारी नातीची शाळा लवकर सुटली. तिला घेऊन ते घरी आले तर स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ धरलेली. शेगडी पूर्ण मोठी. पातेलं खदखदत होतं आणि सून हातात झाकण घेऊन उभी होती. शिवणकामाच्या कारखान्यातून ती मधल्या सुटीत आली होती.

"सापडलीस," आजोबा म्हणाले.

तिने ज्योत बारीक केली. "लवकर शिजावं म्हणून, बाबा."

"लवकर कुणाला हवंय? तू येतेस दिवेलागणीला."

तिने झाकण पुन्हा ठेवलं.

"सालं सुटतात त्याने. तुझ्या सासूच्या हातच्या सुपात एक दाणा फुटलेला नसायचा."

"त्यांच्यासारखंच होतंय ना," ती हळूच म्हणाली. "तुम्ही रोज दोन वाडगे खाता."

"वर तोंड करून बोलतेस?"

ती पुढे काही बोलणार होती. पण तिने नातीकडे पाहिलं, ओठ मिटले, ओटा पुसला आणि कामावर निघून गेली. त्या न बोलण्याचाच आजोबांना जास्त राग आला. भांडली असती तर चार शब्द सुनावता तरी आले असते.

रात्री त्यांनी मुलाला सांगितलं, "तिला माझ्या पातेल्यापासून लांब ठेव."

"बाबा, दिवसभर स्टेअरिंग धरून हात भरून आलेत. तुमची सुपाची भांडणं तुम्हीच मिटवा."

"मिटवतो."

सकाळी ते थेट कारखान्याच्या फाटकावर गेले. सून शिवायला बसायची त्याच कारखान्याच्या बॉयलरवर त्यांची नोकरी झाली होती. फाटकावरचा मुकादम त्यांच्या हाताखाली तयार झालेला.

"काय काका, पुन्हा भरती होताय?"

"सुनेला मधल्या सुटीत बाहेर सोडू नकोस."

"का हो? घरी जेवायला जाते ना बिचारी?"

"डबा नेते ती. घरी येते ती माझ्या डोक्यावर मिरी वाटायला."

मुकादम हसला. "तुमचा शब्द मोडतोय थोडाच. आज तसंही जास्तीचं काम आहे. सुटीत कुणालाच सोडत नाही."

त्या दिवशी ज्योत सकाळपासून वाटाण्याएवढीच राहिली. आजोबा शेगडीसमोर खुर्ची टाकून बसले. शाळेतून नातीला शेजारणीने आणलं. संध्याकाळी त्यांनी झाकण काढलं. दाणे अख्खे होते, टपोरे, लालबुंद. आजोबांना किती तरी दिवसांनी बरं वाटलं.

नातीने दोन वाडगे खाल्ले. "आजोबा, आज जरा कचकच लागतंय."

"दाणा असा लागला पाहिजे. तुझ्या आईने तुम्हाला लगदा खायची सवय लावली."

मुलाने येताच वाडगा रिकामा केला आणि आणखी मागितला. आजोबा स्वतः थांबले. सून येईल, तिच्यासमोर बसून खाऊ, तिला दाखवू, असं त्यांनी ठरवलं होतं.

पण सुनेला उशीर झाला, आणि ती यायच्या आत नातीने पोट धरलं. मग ती मोरीकडे धावली. तिच्या मागोमाग मुलगा. दोघांना उलट्या थांबेनात. नात भिंतीला टेकून बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

दार उघडलं. सून धापा टाकत उभी होती, पदराला दोरे चिकटलेले.

"सूप खाल्लं?" तिने विचारलं.

"खाल्लं," आजोबा गरजले. "तुझा हात न लागलेलं, पहिल्यांदा. सूप चांगलंच होतं, तुझ्या डब्यातलं काहीतरी बाधलं दोघांना. सकाळी काय घातलंस यांच्या डब्यात?"

तिने नातीला उचलून खांद्यावर घेतलं, नवऱ्याच्या हाताला धरलं आणि शेजारणीला गाडी बोलवायला ओरडून सांगितलं. मग उंबऱ्यात ती वळली. तिच्या आवाजात रागसुद्धा उरला नव्हता.

"घेवडा आधी खळखळा उकळला नाही तर विषासारखा बाधतो, बाबा. तुम्ही कामावर गेलात की आई रोज गॅस मोठा करायच्या. जाताना मला सांगून गेल्या, तुम्हाला कधी कळू देऊ नकोस, तुम्ही फार ओरडता."