लाखात एकदा

खराडीच्या आमच्या ऑफिसात सुमय्याने महिनाभर एका बगचा पिच्छा पुरवला होता. व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कॉम्प्युटरला, 'इकडे लक्ष दे' सांगणारे दोन इशारे, म्हणजे इंटरप्ट, अगदी एकाच क्षणी आले, की त्यातला एक हरवायचा. मग त्या हरवलेल्याची वाट बघत मशीन कायमचं गोठायचं. तिने उपाय लिहिला होता, पण तो नीट तपासायला अजून आठवडा हवा होता. रिलीज मात्र आजच, त्या उपायाविना जायचं होतं.

कोड न वाचताच मंजुरीचं 'लुक्स गुड' लिहायची आमच्या टीमची जुनी पद्धत. अकरा जणांनी लिहून टाकलं होतं, त्यात मीही आलो. फक्त सुमय्याचं यायचं होतं, आणि त्याशिवाय रिलीज जाणार नव्हतं.

आमचे मॅनेजर भालेराव सर सगळ्यांना घेऊन तिच्या डेस्कपाशी आले. "हा बग किती वेळा येतो?"

"लाख इंटरप्टमध्ये एकदा."

"लाखात एकदा!" सर आमच्याकडे बघून हसले. आम्हीही हसलो. "आणि तेवढ्यासाठी रिलीज अडवतेस? अप्रूव्ह कर."

"नाही करणार. आधी डोळ्यांनी बघा." तिने आज जाणाऱ्या कोडवरच मशीन चालू केलं.

"म्हणजे लाख इंटरप्ट येईपर्यंत आम्ही इथे ताटकळत उभं राहायचं?"

सुमय्याने उठून स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.



"बसा ना, सर. पण पटकन बसा. नऊ सेकंदांत लाख होतात."