जाऊन-येऊन सहा किलोमीटर

कणीक ओल्या फडक्याखाली, वीस मिनिटं.

चौदा वह्या. एकही गोष्ट पुरी नाही.

शिंगरू नजरेसमोर नसेल तर घोडी पान्हा सोडत नाही.

तेहतीस नंबरचे लाल बूट, डावा जास्त झिजलेला.

जाऊन-येऊन सहा किलोमीटर, सदतीस मिनिटं.

यातलं घोडीचं वाक्य चौदाव्या वहीतलं. कणीक, वही, धावणं हे सगळं तोर्गिनला रोज सकाळी उरकायचं असे, कारण नऊला ताल्दीकोर्गान शहराच्या पोस्टात खिडकीमागे बसायचं. कणीक मुरेपर्यंत ती ओट्यापाशी उभ्यानेच लिहायची. मग तळण. मग धावणं. परत आल्यावर अलिबी आणि सान्झार, वय सात आणि चार, यांच्यातला मोज्यांचा तंटा.

शुक्रवारी तिने गरम बाऊरसाक, तळलेले कणकेचे गोळे, फडक्यात बांधले. येर्केन, तिचा नवरा, दाराशी आला.

"आज तिथे काही बोलू नकोस."

"कशाबद्दल?"

"तुला माहीत आहे."

"पोरांना दूध दे," ती म्हणाली. "साय काढून. नाहीतर सान्झार थुंकतो."

इमारतीखालच्या बाकावर काम्शात मावशी बसल्या होत्या.

"धाव, धाव. कोण लागलंय गं मागे?"

"वजन, मावशी. बाळंतपणाचं."

"नऊ वर्षं मागे लागलंय, अजून गाठलं नाही? फारच आळशी दिसतंय!"

सासूबाईंचं घर तीन किलोमीटरवर. तोर्गिन रोज तिथे दहा मिनिटं थांबायची, पाणी प्यायची, झेरेला भेटायची आणि उलटी वळायची. झेरे सासूबाईंना आई म्हणायची, तोर्गिनला वहिनी. चौदाही वह्यांची ती एकटी वाचक.

शनिवारी सासूबाई अस्तानाला निघणार होत्या. धाकट्या मुलाने तिथे घर घेतलं होतं आणि आईने धाकट्याकडेच राहायचं ही रीत. झेरे अर्थातच बरोबर. हजार किलोमीटर. तोर्गिनचं मागणं एवढंच होतं: शाळेचं वर्ष संपेपर्यंत झेरेने आपल्याकडे राहावं.

घरात गाद्यांची गाठोडी बांधून ठेवली होती. सासूबाईंनी चहा ओतला, नेहमीसारखा अर्धा पेला, वर दूध.

"बस. बाऊरसाक कशाला आणलेस? तिकडे काय पीठ मिळत नाही?"

"झेरेला आवडतात."

"तिला काय, तुझ्या हातचा दगडही आवडतो."

तोर्गिन हसली. मग म्हणाली, "आई, झेरेला मे महिन्यापर्यंत माझ्याकडे ठेवू का? वर्ष अर्ध्यावर तुटेल. मी स्वतः आणून सोडेन."

सासूबाईंनी फडक्याची गाठ सोडली. पुन्हा बांधली.

"ती माझ्या पाठीला पाठ लावल्याशिवाय झोपत नाही."

"माहीत आहे."

"आणि मला तरी कुठे झोप लागते?" त्यांचा आवाज बारीक झाला. "तुला दोन आहेत, सूनबाई. माझ्याजवळ ही एकच."

त्यांनी तोर्गिनचा पेला ओढून घेतला आणि काठोकाठ भरला. अर्धा पेला म्हणजे बसून राहा, अजून घे. काठोकाठ म्हणजे पाहुण्याने आता उठायचं. नऊ वर्षांत त्यांनी तिला भरलेला पेला कधी दिला नव्हता.

तोर्गिनने तो उचलला नाही. हात लावला की सांडेल असा होता, म्हणून वाकून ओठ लावले.

"आई!" अंगणातून हाक आली. "माझा दुसरा बूट कुठाय?"

दोघींनी मान वर केली.

मग तोर्गिन खाली वाकली आणि स्वतःच्या बुटाची नाडी बांधू लागली. नाडी बांधलेलीच होती.

"पायरीखाली बघ," सासूबाई ओरडल्या.

फाटकापाशी झेरे एका पायावर उभी होती. काखेत चौदावी वही.

"वहिनी, तुझ्या गोष्टीत सगळे सारखा चहाच का पितात?"

"दुसरं काय करतील?"

"भांडतील तरी. आणि शेवट कुठाय? शिंगराला लांब बांधून ठेवलं, घोडी बघत बसली. पुढे?"

"पुढचं लिहायला वेळच मिळत नाही गं."

"मग धावू नकोस. वेळ मिळेल."

"हो," तोर्गिन म्हणाली. "आता मिळेल."

"लिहिलंस की पाठव. पोस्टातच तर असतेस!" झेरेने वही तिच्या हातात दिली आणि पाय लाल बुटात कोंबला. डाव्याची टाच नेहमीसारखी दुमडली. तोर्गिनने खाली बसून ती बोटाने सरळ केली, आणि सरळ झाल्यावरही बोट काढलं नाही.

"गुदगुल्या होतात, वहिनी!"

रविवारी तोर्गिनने घर धुतलं.

सोमवारी तिने कणीक भिजवली, फडकं टाकलं, वही उघडली. वीस मिनिटं झाली. पानावर पीठ पडलं होतं, तेवढंच. तिने बूट चढवले.

सासूबाईंच्या फाटकाला साखळी होती. ती तिथे दहा मिनिटं थांबली, नेहमीइतकीच, आणि उलटी वळली.

काम्शात मावशींनी तिला येताना पाहिलं. त्या बाकावर बाजूला सरकल्या.

"बसायला वेळ नाही, मावशी," तोर्गिन म्हणाली. "पोरं उठली असतील." आणि बसली.

तोर्गिनला पहिलं मूल झालं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. मुलगी. पहिलं नातवंड आजीचं, या रीतीने चाळिसाव्या दिवशी सासूबाईंनी झेरेला आपल्या घरी नेलं. एक्केचाळिसाव्या दिवसापासून तोर्गिन धावायला लागली.