पाच ते सात

"विचारलं तर सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. माणसाची अक्कल कशाला काढायची?"

घड्याळजीची बायको भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत होती. स्टुलावर उभी, घड्याळाचं काचेचं दार उघडं आणि मुठीत लंबक घट्ट धरलेला. घड्याळजी उंबऱ्यातच थांबला. दुकानातलं इंटरनेट दुपारपासून बंद पडलं होतं, म्हणून आज स्वारी साडेपाचलाच घरी.

"काय चाललंय?"

ती दचकली, पण लंबक काही सोडला नाही. "हळू बोला. बाबांचा डोळा लागलाय."

खिडकीजवळच्या खुर्चीत त्याचे वडील मान कलती करून झोपले होते. दोन्ही हात मांडीवर. झोपेत ते हात अगदी शहाण्यासारखे पडून असत.

"बिघडलंय का? मला सांगायचं की."

"बिघडलेलं नाही, तीच तर अडचण आहे." तिने आवाज आणखी खाली आणला. "त्या घड्याळदुरुस्तीच्या जाणकारांचा मंच आहे ना मोबाइलवर, तिथे विचारलं होतं मी. संध्याकाळी पाच ते सात एवढ्यातच घड्याळ हळू चालेल, असं काही करता येतं का म्हणून."

घड्याळजीची कानशिलं तापली. परवाचाच प्रश्न. उत्तर त्यानेच दिलं होतं, 'उस्ताद' या नावाने. 'महाशय, घड्याळ राहू द्या, आधी स्वतःचं डोकं उघडून दाखवा कुणाला तरी. पाच ते सात तेच हळू चालत असणार.' त्रेपन्न जण हसले होते. एकाने लिहिलं होतं, 'उस्ताद, तोडलंत!' आणि हा दुकानात एकटाच बसून मोठ्यांदा हसला होता.

"असला कसला प्रश्न?" तो म्हणाला. आवाज हवा तेवढा चढला नाही.

"सहाचे टोल पडले की बाबा दाराकडे बघत बसतात. तुम्ही भरवल्याशिवाय घास घेत नाहीत. माझ्यासमोर चमचासुद्धा उचलत नाहीत, सांडतं म्हणून लाजतात. आणि तुम्ही येणार साडेसातला. म्हटलं, सहाच जरा उशिरा वाजले तर…" ती अडखळली. "नुसते काटे मागे केले तर त्यांना लगेच कळतं हो. जन्म गेलाय त्यांचा घड्याळं उघडण्यात."

"मग मला विचारायचं."

"तुम्हाला विचारायचं तर कारण सांगावं लागलं असतं."

त्याने खांद्यावरची पिशवी उतरवली, पुन्हा खांद्याला लावली. "दुकानात गर्दी असते गं संध्याकाळची."

"असेल ना." ती लंबकाकडेच बघत राहिली. "त्या उस्तादांनी माझी अक्कल काढून झाल्यावर खाली लिहिलं होतं, 'आधी हात स्थिर, मग अवजार.' सहा वाजून पन्नास मिनिटांनी. वेळ दिसते तिथे, उत्तराखाली."

हे वाक्य तो प्रत्येक उत्तराच्या शेवटी टाकायचा. वाक्य त्याचं नव्हतं. बाराव्या वर्षी दुकानातल्या टेबलाशी बसवून, चिमट्याने त्याच्या बोटांवर टिचकी मारत, खुर्चीतल्या त्या माणसाने ते शिकवलं होतं. तेव्हा त्या माणसाच्या चिमट्यात केसाएवढी स्प्रिंगही हलत नसे.

"गर्दी म्हणजे…" त्याने पुन्हा सुरुवात केली.

"असेल म्हटलं ना मी."

मांडीवरचे हात थरथरू लागलेले त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले. सवयीने त्याने मान वळवली आणि बंद घड्याळाकडे बघत राहिला.

"टिकटिक का थांबली?" म्हातारा डोळे न उघडताच म्हणाला. "सोड तो लंबक, सूनबाई. उतर खाली, पडशील. घड्याळाचं काही चुकत नाहीये. दुकान सहालाच बंद होतं. माझे हात बघवत नाहीत त्याला, म्हणून बसून राहतो तिथे."