चारशे सातमधला पाहुणा

अबू सिनानने चहाच्या दुकानातल्या त्यांच्या नेहमीच्या टेबलावर वर्तमानपत्र असं आपटलं, की डोमिनोच्या दोन सोंगट्या उडून उस्तादांच्या मांडीवर पडल्या.

"घ्या, वाचा! तिकडे परदेशात भर सभागृहात हा कागद नाचवलाय. आता तरी कबूल करा. आपल्या जुन्या सरकारचं त्या बॉम्बवाल्यांशी साटंलोटं होतं."

उस्ताद हिकमत यांचा जन्म भूगोल शिकवण्यात गेला होता. नकाशा दाखवल्याशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नसत. त्यांनी आधी सोंगट्या गोळा केल्या, मग चष्मा चढवला.

"अरे बाबा, दाढी चार बोटं वाढली तरी आत टाकायचे ते लोक. ते कशाला असल्यांचा पाहुणचार करतील? ह्या परदेश्यांनी आधी आपला देश घेतला, आता कारण हुडकतायत. आणि कागदाचं काय सांगतोस! सरकार पडल्यापासून तसले कागद बाजारात किलोवर मिळतात."

"हा खोटा नाही. दुरैदच्या हॉटेलातला आहे."

तेव्हा कुठे मुवफ्फकने मान वर केली. इतका वेळ तो ह्या वादात पडायचं टाळत होता. नदीकाठच्या त्या हॉटेलात त्याने बावीस वर्षं स्वागतकक्ष सांभाळला होता. अबू सिनानचा धाकटा भाऊ दुरैद तिथेच भट्टीवर पाव भाजायचा. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी गुप्त पोलिसांनी त्याला पिठाच्या हातांनिशी उचलून नेलं. त्यानंतर ना माणूस परत आला, ना मढं.

मुवफ्फकने वर्तमानपत्रात छापलेल्या कागदाच्या फोटोकडे पाहिलं. परदेशी पाहुणा. खोली चारशे सात. डाव्या हाताला दोन बोटं कमी. अतिरेक्यांचा म्होरक्या असल्याचा दाट संशय. खाली सही नव्हती, पण अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

असा पाहुणा हॉटेलात कधी आलाच नव्हता. चारशे सातचं छत गळायचं, त्या खोलीला वर्षभर कुलूप होतं. पण दर गुरुवारी गुप्त पोलिसांचा, करड्या कोटातला एक माणूस यायचा आणि त्याला कुणाविषयी तरी लिहिलेला एक कागद लागायचा. कोरा कागद चालत नसे. कोरा कागद देणाऱ्याविषयी मग दुसरंच कुणीतरी लिहायचं. शहरातल्या प्रत्येक हॉटेलात, प्रत्येक कचेरीत कुणीतरी लिहिणारा असायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो आपल्याच टेबलावर बसून चहा पितो, एवढं मात्र कुणी धरून चालत नसे.

"तारीख बघा ना, उस्ताद," अबू सिनान बोलतच होता. "दुरैदला उचललं रविवारी. हा कागद त्यानंतर चार दिवसांनी, गुरुवारचा. म्हणजे हा बडा पाहुणा यायच्या आधी त्यांनी हॉटेलातली सरळ माणसं बाजूला काढली. माझा भाऊ फुकट नाही गेला. काहीतरी मोठं होतं, म्हणून गेला."

हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. पाच वर्षांत मुवफ्फकने तो असा पाहिला नव्हता. त्याला खाली बघावंसं वाटलं.

"उद्या त्या परदेशी वाहिनीवर जातोय मी. दुरैदचा फोटो घेऊन. सगळं ठरलंय."

"डोकं फिरलंय का तुझं?" उस्ताद ओरडले. "परवा त्यांच्या कॅमेऱ्यापुढे तो न्हावी बोलला, त्याचं काय झालं? संध्याकाळी दुकानाच्या दारातच गोळ्या घातल्या!"

"घालू देत. निदान दुरैद का मेला ते तरी जगाला कळेल."

"मुवफ्फक, अरे तू तरी सांग ह्याला! तू होतास ना तिथे?"

दोघंही त्याच्याकडे बघायला लागले. गप्प राहिलं, तर येत्या शुक्रवारी अबू सिनानच्या मयतीच्या मांडवात बसून कडू कॉफी प्यावी लागणार. तोंड उघडलं, तर ह्या टेबलावर पुन्हा बसायला तोंड उरणार नाही. आणि ह्या टेबलाशिवाय त्याला दुसरं होतं तरी कोण? लाजेने त्याचे कान तापले. तरी तो बोलला.

"जाऊ नकोस, अबू सिनान. तो पाहुणा नव्हताच. तो कागद मी लिहिलाय."

"काय?"

"पाहुणा, बोटं, खोली, सगळं मनाने रचलं. दर गुरुवारी एक कागद द्यावाच लागायचा."

उस्तादांनी टेबलावर थाप मारली. "बघ! मी काय म्हणत होतो? सगळी बनवाबनवी! आणि ह्याच्यावर ते तिकडे भांडतायत!" वाद जिंकल्याचा आनंद त्यांना लपवता येईना. मग त्यांनी अबू सिनानकडे पाहिलं आणि टेबलावरचा हात मागे घेतला.

अबू सिनानचा आवाज चढला नाही. "रचलं कशाला? एरवी खरीच माणसं लिहायचास ना?"

सगळ्यांत अवघड ते बोलून झालं, असं मुवफ्फकला वाटत होतं. आणि ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी होतं. त्या बावीस वर्षांतली ती एकच गोष्ट त्याला कुणालाही सांगता येण्यासारखी होती.

"दुरैदला नेलं ना, त्यानंतर त्या गुरुवारी माझ्याने कुणा खऱ्या माणसाचं नाव लिहवेना."

अबू सिनानने वर्तमानपत्राची घडी घातली. ती पुन्हा उलगडून त्याने तारखेवर बोट ठेवलं.

"आणि त्याच्या आदल्या गुरुवारी?"