मुलाखत क्रमांक चौदा

"एकसष्ट टक्के!" सरांनी साहित्यचोरी तपासणाऱ्या यंत्राचा अहवाल टेबलावरून तिच्याकडे भिरकावला. "तुमच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातले एकसष्ट टक्के माझ्या लेखातून उचललेत. यंत्र खोटं बोलत नाही, बाईसाहेब."

तिने अहवाल चाळला. पानंच्या पानं पिवळी झालेली. वाक्यं तिची, तक्ते तिचे, तळटीपासुद्धा तिच्याच. आणि प्रत्येक पिवळ्या पट्ट्याशेजारी सरांचं नाव. सहा वर्षं या माणसाने मार्गदर्शक म्हणून तिच्या डोक्यावर मिरी वाटली होती. स्वल्पविराम चुकला, पान परत. साल कंसात नाही, पान परत. आणि सगळं कागदावर छापूनच द्यायचं, संगणकावर वाचलं की म्हणे डोळे दुखतात. तिसरं प्रकरण देऊन दीड वर्ष झालं होतं. विचारलं की एकच उत्तर, "वाचतोय." वाचतोय कसला, बसून उतरवून घेत होता मेला!

विभागप्रमुख बाई मधल्या खुर्चीत होत्या. त्यांची तीनला बैठक होती, आणि घड्याळाकडे बघणं त्या लपवतही नव्हत्या.

"हे बघ, प्रबंध फेटाळला तर तुझी नोंदणीच रद्द होते. सहा वर्षं पाण्यात," बाई म्हणाल्या. "सर मोठ्या मनाने मार्ग काढतायत. मुकाट्याने घे."

मोठं मन म्हणजे काय, तर जिथे पिवळं तिथे सरांच्या नावाचा कंस टाकायचा. एकूण ब्याऐंशी ठिकाणी. वर एक माफीपत्र, संदर्भ द्यायचे राहून गेले म्हणून. चोरी याने करायची आणि नाक हिने घासायचं. माफीपत्र टाइप होऊन तयारही होतं, फक्त सही बाकी.

"सर, हे प्रकरण मी तुम्हाला आधी दिलं होतं."

"पुरावा?"

"माझ्या फाइलवर तारीख आहे."

"तारखा काय, हव्या तशा टाकता येतात. कल्पना माझी होती. तू फक्त लिहून काढलंस."

बाईंनी पेन तिच्यापुढे सरकवलं.

तिने ते उचललं. खरंच उचललं. सही करण्याआधी तिने अहवालाला जोडलेला सरांचा लेख ओढून घेतला आणि शेवटचं पान उघडलं. काहीही हातात आलं की आधी संदर्भसूची बघायची, ही खोड तिला सरांनीच लावली होती.

विषय तिचा होता, रुग्णालयांच्या धुलाईघरात राबलेल्या बायका आणि तिथल्या रसायनांची वाफ. बावीस मुलाखती. नाव छापणार नाही असा शब्द तिने प्रत्येकीला दिला होता, म्हणून यादीत नुसते क्रमांक. सरांच्या यादीतही बावीसच, त्याच क्रमाने, त्याच तारखांनी.

ती चौदाव्या ओळीवर थांबली.

तिच्या मूळ यादीत ही एकच नोंद अपुरी होती. "निवृत्त धुलाई कामगार, नऊ मार्च," आणि पुढे कोरी जागा. त्या कोऱ्या जागेवरून सरांनी तिला दोनदा सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. मुलाखत कशी घेतली, कुणापाशी आहे, हे लिहिलं नसेल तर ती मुलाखत नव्हे, ओट्यावरच्या गप्पा! सरांच्या लेखात ती जागा आता भरलेली होती. "ध्वनिमुद्रित, पन्नास मिनिटे, लेखकाच्या संग्रहात."

पेन हातात तसंच धरून तिने मान वर केली.

"या मुलाखती तुम्ही घेतल्यात, सर?"

"मग काय तुझ्या आजोबांनी?"

"बावीसच्या बावीस?"

"बावीसच्या बावीस. स्वतः जाऊन. सगळी रेकॉर्डिंगं आहेत माझ्याकडे." हे ते बाईंकडे बघून म्हणाले.

"चौदा नंबरची बाई आठवते?"

सर खुर्चीत मागे रेलले. वर्गात मुलांना किस्से सांगताना रेलायचे, तसेच. "न आठवायला काय झालं? भलतीच बोलकी बाई. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की आवरता आवरेना. मलाच शेवटी बंद करावं लागलं."

बाई हसल्या. "चला, कर बाई आता सही. मला उशीर होतोय."

तिने पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं.

"ती माझी आई आहे," ती म्हणाली. "नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशन करून तिचं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून तिच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही, सर. ती पाटीवर लिहिते. ही मुलाखत तीन वर्षांपूर्वीची. ती लिहायची, मी वहीत उतरवायचे, मग ती पुसायची आणि पुढचं लिहायची. नऊ मार्चपासून चार दुपारी लागल्या. पाटीवरची मुलाखत यादीत कशी लिहायची ते तुमच्या नियमांत सापडलं नाही, म्हणून मी जागा कोरी ठेवली."

बाई घड्याळाकडे बघायच्या थांबल्या. सरांनी अहवाल आपल्याकडे ओढायला हात पुढे केला, पण तिने चौदाव्या ओळीवर बोट दाबून धरलं होतं.

"लावा ना रेकॉर्डिंग," ती म्हणाली. "पन्नास मिनिटं आहे म्हणता. मला माझ्या आईचा आवाज ऐकायचाय."